पाणी गेले, जीव राहिला

गोडा मसाला करताना धणे, तीळ, खोबरे आणि तमालपत्र यांच्या सोबतीने दगडफूलही भाजायला घेतले जाते. चुरगळलेल्या कागदासारख्या त्या करड्या-काळपट पापुद्र्यांकडे मसाल्याचा एक जिन्नस यापलीकडे फारसे कोणी पाहत नाही. नावात फूल असले तरी ते फूल नव्हे, आणि नेहमीच्या अर्थाने वनस्पतीही नव्हे. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेल्या संसाराला मराठीत शैवाक म्हणतात, आणि दगडफूल हे एक शैवाक आहे. खडकावर किंवा झाडाच्या सालीवर वाढणाऱ्या शैवाकाला मुळे नसतात, पाणी साठवायला जागा नसते, बाष्प अडवून धरणारा मेणाचा लेपही नसतो. त्यामुळे ऊन चढले की ते दुपारपर्यंत कडकडीत वाळते, पहाटे दव पडले की भिजते, आणि भिजल्यावर काही मिनिटांतच त्यातील शैवालाचे प्रकाशसंश्लेषण पुन्हा सुरू होते. ज्यांच्यात हिरवे शैवाल असते अशी अनेक शैवाके तर द्रवरूप पाण्याचीही वाट पाहत नाहीत. नुसत्या दमट हवेवर त्यांचे काम सुरू होते. वाण्याकडून आणलेले आणि डब्यात वर्षभर पडलेले दगडफूल अजून जिवंत असेल असा दावा मी करणार नाही. पण ते ज्या सालीवरून खरवडले गेले, तिथे असे वाळणे आणि पुन्हा भिजणे हा त्याचा नित्यक्रम होता.

कोरड्या प्रदेशात जगणारे जीव म्हटले की निवडुंग आणि उंट आठवतात. त्यांची गोष्ट अगदी निराळी आहे. बाहेर कितीही कोरडे असले तरी शरीरातील पाणी जाऊ न देणे हे त्यांचे कौशल्य आहे, आणि ते पाणी खरोखरच गेले तर तेही मरतात. माणसाच्या शरीरात साधारण साठ टक्के पाणी असते. शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांइतके पाणी निघून गेले तरी जीव धोक्यात येतो. या लेखातील जीव मात्र पाणी जाऊ देतात. त्यांच्या शरीरात उरलेले पाणी वजनाच्या दहा टक्क्यांच्या खाली, काहींच्या बाबतीत तीन टक्क्यांपर्यंत उतरते. इतक्या पाण्यात प्रथिनांच्या पृष्ठभागावर एक पूर्ण थरही चढत नाही, म्हणून पेशीतील रासायनिक व्यवहार जवळपास पूर्ण थांबतो. श्वसन नाही, वाढ नाही, दुरुस्ती नाही. या अवस्थेला निर्जल जीवन म्हणता येईल.

हवेचा कोरडेपणा म्हणजे नेमका किती जोर, याची कल्पना आपल्याला सहसा नसते. हवेची सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्के असेल तर ती हवा उघड्या पेशीतील पाणी ज्या जोराने ओढते तो सुमारे ९०० वातावरणांच्या दाबाइतका असतो. पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेच्या तळाशी, म्हणजे पृथ्वीवरील सर्वांत खोल जागी, पाण्याचा दाब हजार वातावरणांपेक्षा थोडा अधिक आहे. पुण्यात किंवा सोलापुरात एप्रिलच्या दुपारी हवा पन्नास टक्क्यांहून कितीतरी कोरडी असते, आणि तशा हवेत आपल्या खिडकीच्या कठड्यावर वाळून पडलेले काही जीव पावसाची वाट पाहत असतात.

ही गोष्ट माणसाच्या ध्यानात पहिल्यांदा आली ती एका पन्हळीमुळे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहूक स्वतः घडवलेल्या भिंगांतून दिसेल ते पाहत असे. छपराच्या शिशाच्या पन्हळीत साचून सुकलेला गाळ त्याने काचेच्या नळीत घेतला आणि त्यात पाणी घातले. थोड्याच वेळात त्या गाळात बारीक जीव लांब-आखूड होत फिरू लागले. डोक्यावरचे केसांचे झुबके ते चक्रासारखे फिरवत होते. पुढे तोच गाळ त्याने कित्येक महिने कागदात कोरडा ठेवला आणि पुन्हा भिजवला, तेव्हाही जीव हलू लागले. १७०२ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात त्याने हे कळवले. आज या जीवांना आपण रोटिफर म्हणतो.

पुढची दीडशे वर्षे या निरीक्षणावर वाद झाला, आणि तो नुसता प्राणिशास्त्राचा वाद नव्हता. पूर्ण वाळलेला प्राणी पुन्हा चालू लागतो हे मान्य केले तर मेलेल्या पदार्थातून जीव उपजतो असे म्हणावे लागेल का, हा प्रश्न मागे उभा होता. १८५९ च्या सुमारास फ्रान्समध्ये दोन्ही पक्ष इतके हट्टाला पेटले की पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळाने एक समिती नेमली आणि तिचा अहवाल पॉल ब्रोका यांनी लिहिला. मेंदूतील वाचेच्या केंद्राला ज्यांचे नाव आहे तेच हे ब्रोका. रोटिफर ८२ दिवस निर्वातात ठेवून, त्यानंतर अर्धा तास १०० अंश सेल्सियस तापमानात ठेवूनही भिजवल्यावर पुन्हा हालचाल करतात, असे समितीला आढळले. उकळत्या पाण्याच्या तापमानाला ओला रोटिफर क्षणभरही टिकत नाही, वाळलेला टिकतो. १९५९ मध्ये केंब्रिजचे डेव्हिड कीलिन यांनी या अवस्थेला गुप्त जीवन अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. मला ते नाव पटते. वाळलेल्या रोटिफरमध्ये जीवनाचा व्यवहार चालू नसतो, पण त्या व्यवहाराची मांडणी शाबूत असते, आणि जिवंत राहण्याला ती मांडणी पुरते असे दिसते.

मग इतर जीवांची मांडणी का मोडते, हे आधी पाहू. पेशीतील पाणी म्हणजे मडक्यातील पाणी नव्हे. प्रथिनाच्या लांबलचक साखळीचे तेलकट भाग पाण्यापासून दूर, आत लपतात आणि पाण्याशी जमणारे भाग बाहेर राहतात. त्यामुळे तिची विशिष्ट घडी पडते आणि त्या घडीमुळेच प्रथिन आपले काम करू शकते. पाणी गेले की घडी सैल होते, तेलकट भाग उघडे पडतात आणि शेजारच्या प्रथिनाच्या उघड्या भागाला चिकटतात. अशा चिकटलेल्या गुठळ्या पुन्हा पाणी घातल्यावर सुटत नाहीत. उकडलेले अंडे गार केल्याने कच्चे होत नाही, तसेच हे.

पेशीच्या पटलाचे दुखणे वेगळे आहे. पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुपदरी पापुद्रा. प्रत्येक रेणूचे डोके पाण्याकडे असते आणि डोक्यांच्या मधल्या फटींतही पाणी असते, म्हणून रेणू एकमेकांपासून अंतर राखून वितळलेल्या तुपासारखे सरकत राहतात. ते पाणी गेले की डोकी जवळ येतात, शेपट्या दाटीवाटीने लागतात आणि पटल थिजते. थिजण्याने तेवढे नुकसान होत नाही. नुकसान होते ते पुन्हा भिजताना, कारण पटल सगळीकडे एकाच वेळी वितळत नाही. थिजलेल्या आणि वितळलेल्या तुकड्यांच्या सांध्यांतून पेशीतील माल बाहेर गळतो. याखेरीज वाळताना ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू मोकाट सुटतात आणि डीएनएचे धागे जागोजाग तुटतात.

यातली पटलाची गोष्ट स्वयंपाकघरात पाहता येते. पाव किंवा पिझ्झा घरी करण्यासाठी सुके यीस्ट आणले तर पाकिटावर ते कोमट पाण्यात भिजवायला सांगितलेले असते. ते बारीक दाणे म्हणजे वाळवलेल्या, बहुतांशी जिवंत पेशी. पाणी कोमट का, तर यीस्टला ऊब आवडते म्हणून, असे बहुतेकांना वाटते, आणि ते खोटे नाही. पण त्यापेक्षा महत्त्वाचे कारण असे की, साधारण चाळीस अंशांच्या पाण्यात पेशीचे पटल पुरेसे भिजण्याआधीच वितळलेले असते, म्हणून ते अर्धवट थिजलेल्या अवस्थेतून जात नाही. तेच दाणे फ्रीजच्या थंड पाण्यात टाकले तर पटल भिजता भिजता वितळते आणि पेशी गळतात. गळून बाहेर आलेल्या द्रव्यांमुळे कणीक चिकट आणि ढिली होते आणि पाव बसतो. दोष यीस्टच्या कंपनीवर जातो.

आता संरक्षणाकडे वळू. १९७० नंतर कॅलिफोर्नियातील जॉन क्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका साखरेवर लक्ष केंद्रित केले: ट्रेहॅलोज. ग्लुकोजचे दोन रेणू एकमेकांना अशा प्रकारे जोडलेले असतात की त्यांची रासायनिक क्रिया करणारी टोके दोन्हीकडून बंद होतात, त्यामुळे ही साखर प्रथिनांशी क्रिया करून त्यांना तपकिरी करत नाही. यीस्टमध्ये ती असते, मत्स्यालयाच्या दुकानात माशांच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या, कोळंबीच्या नात्यातल्या आर्टेमिया या बारीक जीवाच्या वाळक्या अंड्यांत असते, कित्येक सूत्रकृमींमध्ये असते. क्रो यांचे म्हणणे असे की पाणी जाऊ लागले की ट्रेहॅलोजचे रेणू स्निग्ध रेणूंच्या डोक्यांमध्ये पाण्याच्या जागी जाऊन बसतात. पाण्याच्या रेणूंसारखेच हायड्रोजन बंध ते बांधतात आणि डोक्यांतील अंतर राखतात. त्यामुळे पाणी गेले तरी पटल थिजत नाही.

साखरेचे दुसरे काम समजून घ्यायला चिक्कीची आठवण उपयोगी पडेल. खडीसाखर आणि चिक्की, दोन्ही गोडच आणि कडकच, पण त्यांची जात वेगळी आहे. खडीसाखरेत रेणू शिस्तीने रचलेले असतात. तो स्फटिक आहे. चिक्कीसाठी पाक पुढे नेऊन झटपट थंड केला की रेणूंना रांगेत उभे राहायला वेळ मिळत नाही, ते जिथल्या तिथे खिळतात. म्हणजे द्रवासारखी अस्ताव्यस्त रचना आणि घन पदार्थासारखा कडकपणा. खिडकीची काचही अशीच असते, म्हणून या अवस्थेला काचावस्था म्हणतात. वाळणाऱ्या पेशीतही साखरेचा पाक आधी दाट, मग काकवीसारखा चिकट आणि शेवटी काचेसारखा कडक होतो. त्या काचेत प्रथिने, डीएनए आणि पटले जागच्या जागी गोठतात. हलायलाच जागा नाही, तर उघड्या पडलेल्या प्रथिनाने शेजाऱ्याला चिकटायचे कसे? रसायने एकमेकांपर्यंत पोचत नाहीत, म्हणून बिघाडाचा वेगही प्रचंड मंदावतो. पेशीने स्फटिक होऊन चालत नाही, कारण स्फटिक आपल्या रांगेत परक्याला घेत नाही. वाढता वाढता तो आजूबाजूच्या नाजूक रचना ढकलतो. खडीसाखरेत शेंगदाणा बसत नाही, चिक्कीत बसतो.

चिक्की पावसाळ्यात सादळते, हेही इथे लागू पडते. सादळणे या शब्दाइतका नेमका शब्द या घटनेला दुसरा सापडणार नाही. काचेसारख्या पदार्थात थोडेसे बाष्प शिरले की रेणूंना सरकायला वंगण मिळते आणि पदार्थ चिवट, चिकट होतो. प्रत्येक साखरेची काच एका ठराविक तापमानापर्यंत टिकते. पूर्ण कोरड्या नेहमीच्या साखरेची सुमारे ६५ अंशांपर्यंत, तर ट्रेहॅलोजची १०० अंशांच्या वर. बाष्प शिरले की ही मर्यादा भराभर खाली येते. म्हणून उन्हाने तापलेल्या दगडावर वाळत पडणाऱ्या प्राण्याला ट्रेहॅलोज साध्या साखरेपेक्षा सोयीचे.

शेतकरी हेच दाताने तपासतात. ज्वारीचा किंवा गव्हाचा दाणा दाढेखाली धरला आणि कट् आवाज करून फुटला तर बियाणे साठवायला योग्य. दाणा दबला, चेपला तर अजून ऊन दाखवायला हवे. काचेसारखा दाणा तडकतो आणि सादळलेला चेपतो. बियाण्यातील ओलावा एका टक्क्याने कमी केला की त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा ठोकताळा अमेरिकेतील बीजतज्ज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी मांडला. तो ओलाव्याच्या एका ठराविक पट्ट्यातच लागू पडतो, पण त्या पट्ट्यात चांगला लागू पडतो.

साखरेचा हा सगळा डाव एकाच प्राण्यात पाहायचा तर आफ्रिकेतील एका चिलटाची अळी पाहावी. पॉलिपेडिलम व्हँडरप्लँकी हे तिचे शास्त्रीय नाव. उत्तर नायजेरियासारख्या भागांत कातळावरच्या उथळ खळग्यांत पावसाचे पाणी साचते, आणि त्या चिखलात ही अळी नळीसारखे घर करून राहते. पाऊस थांबला की खळगा काही दिवसांत सुकतो आणि अळीही सुकते, जवळजवळ तीन टक्के पाण्यापर्यंत. वाळलेल्या अळीच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा ट्रेहॅलोज असतो. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ हॉवर्ड हिंटन यांनी १९५० नंतरच्या दशकात तिच्यावर जे प्रयोग केले ते आज वाचताना क्रूर वाटतात: वाळलेली अळी शंभर अंशांच्या वर तापवली, द्रवरूप हेलियममध्ये बुडवली, आणि भिजवल्यावर ती पुन्हा वळवळू लागली. सतरा वर्षे कोरडी ठेवलेली अळीही जगल्याची नोंद आहे.

पण हीच अळी प्रयोगशाळेत काही तासांत घाईने वाळवली तर मरते. साधारण दोन दिवस हळूहळू वाळू दिली तरच ती जगते, कारण शरीरातील साठवलेल्या पिष्टासारख्या द्रव्यापासून ट्रेहॅलोज तयार करायला तिला तेवढा वेळ लागतो. चिखल आणि लाळ यांची नळी तिच्यासाठी हा वेळ मिळवते. ओल सावकाश बाहेर पडते. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी मेंदू काढलेल्या अळ्या वाळवल्या तेव्हा त्यांनीही ट्रेहॅलोज केले आणि भिजवल्यावर त्या हलल्या. म्हणजे वाळण्याची तयारी कोणा मध्यवर्ती हुकमाने होत नाही, प्रत्येक ऊतक आपापली तयारी करते. या विषयात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच: कोरडे असणे हा भाग तुलनेने सोपा आहे, घात होतो तो ओल्यातून कोरड्यात जाताना आणि कोरड्यातून ओल्यात येताना, आणि या जीवांची सगळी हुशारी त्या दोन प्रवासांत खर्च होते.

साखरेची कहाणी इतकी सुबक आहे की ती सगळ्यांना लागू असावी असे काही काळ वाटले. तसे झाले नाही. लेव्हेनहूकच्या पन्हळीतील जातीच्या रोटिफरमध्ये ट्रेहॅलोज सापडतच नाही. जलअस्वल किंवा टार्डिग्रेड म्हणून प्रसिद्ध असलेल्या, अर्ध्या मिलिमीटरच्या आठ पायांच्या प्राण्यातही ते फार थोडे असते, काही जातींत आढळतच नाही. मग त्यांचे कसे निभते? उत्तराचा एक धागा १९८१ मध्ये कापसाच्या बीवर झालेल्या कामातून मिळाला. बी पक्व होऊन वाळण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात काही प्रथिने भरमसाट तयार होतात, असे लिऑन ड्यूर यांना दिसले. पाण्यात असताना या प्रथिनांची ठराविक अशी घडीच नसते. ती सुट्या दोऱ्यासारखी लोंबत असतात. ज्याची घडीच नाही त्याची घडी मोडण्याचा प्रश्न येत नाही. पाणी कमी होऊ लागले की ती आकार घेतात आणि इतर प्रथिनांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. पुढे सूत्रकृमींमध्ये, रोटिफरमध्ये आणि त्या आफ्रिकी अळीतही याच कुळातील प्रथिने सापडली. जलअस्वलाने स्वतःचे वेगळे बिनघडीचे प्रथिन निर्माण केले आहे. २०१७ मध्ये ते यीस्टमध्ये घातले तेव्हा यीस्टची वाळण्याला तोंड देण्याची शक्ती कितीतरी पटींनी वाढली. ही प्रथिने पेशीत जेलीसारखे जाळे विणतात असे नंतर दिसले.

जलअस्वल पाहायला अंटार्क्टिकाला जावे लागत नाही. आमच्या गच्चीच्या कठड्यावर पावसाळ्यात जे मखमली हिरवे शेवाळ उगवते ते मे महिन्यात काळपट तपकिरी पूड होऊन बसते. त्याचा रुपयाएवढा तुकडा मी एकदा नखाने उचलून रात्रभर बशीत पाण्यात ठेवला. शेवाळ तासाभरातच हिरवे दिसू लागले होते. सकाळी ते बशीत पिळून त्या गढूळ पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, तेव्हा आधी दिसले ते वळवळणारे सूत्रकृमी आणि डोक्यावरची दोन चक्रे फिरवणारे रोटिफर. जलअस्वल तिसऱ्या दिवशीच्या थेंबात सापडले, वाळूच्या कणाला नखांनी धरून काचेवर उगाच पाय मारणारे. त्याच्या जगप्रसिद्ध चिवटपणाच्या मानाने ते अत्यंत गबाळे दिसत होते.

त्या चिवटपणाबद्दल थोडे सावध राहायला हवे. २००७ मध्ये रशियाच्या फोटॉन-एम३ यानातून वाळलेली जलअस्वले दहा दिवस अवकाशाच्या निर्वातात ठेवली होती, आणि त्यातली बरीच परत येऊन जगली, हे खरे. पण हा पराक्रम पाय आत ओढून पिंपासारख्या झालेल्या वाळक्या जलअस्वलाचा आहे. ओले, चालते-फिरते जलअस्वल अगदी साधा जीव आहे. एका जातीवरील २०२० च्या अभ्यासात सुमारे ३७ अंशांच्या पाण्यात चोवीस तासांत निम्मी मेली. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात तसे पाणी कुठेही सापडेल. ते अमर आहे, शंभर-सव्वाशे वर्षांच्या संग्रहालयातील शेवाळातून जिवंत निघाले, अशा गोष्टी फिरत असतात. त्यांचा उगम एका प्राण्याच्या पायाची किंचित हालचाल दिसली या जुन्या नोंदीत आहे. कोरड्या अवस्थेत दुरुस्ती बंद असते, पण ऑक्सिजनचे आघात मंद गतीने चालूच राहतात, त्यामुळे डीएनएतील तुटी साचत जातात. भिजल्यावर आधी तुटींची दुरुस्ती, मग बाकीचे जगणे. डायनोकोकस नावाचा जीवाणू १९५६ मध्ये अमेरिकेत किरणांनी निर्जंतुक केलेल्या मांसाच्या डब्यात जिवंत सापडला, तेव्हा निसर्गात कुठेही नसलेल्या इतक्या तीव्र किरणोत्साराला हा का तयार, असे कोडे पडले होते. चाळीस वर्षांनी उलगडा झाला: त्याची तयारी किरणांसाठी नव्हतीच. वाळण्याने तुटलेला डीएनए सांधण्याची त्याची यंत्रणा किरणांनी तुटलेल्या डीएनएलाही चालली.

वनस्पतींपुढे प्राण्यांपेक्षा एक अडचण अधिक असते. प्रत्येक पेशीभोवती ताठ भिंत असते, आणि आतली पेशी आकसली की पटल भिंतीपासून फाटून निघते. शिवाय पाणी संपले तरी ऊन संपत नाही. हरितद्रव्य प्रकाश टिपतच राहते आणि त्या ऊर्जेला वाट न मिळाल्याने पेशीतच आग लागल्यासारखे होते. म्हणून फुलझाडांत पूर्ण वाळून पुन्हा हिरव्या होणाऱ्या जाती फार थोड्या आहेत. त्यांच्या पेशीभित्ती लवचिक असतात आणि दुमडतात. काही जाती पाने गुंडाळून आणि तांबूस रंगद्रव्य चढवून हरितद्रव्य झाकतात. दक्षिण आफ्रिकेतील झेरोफायटासारख्या जाती हरितद्रव्यच मोडून टाकतात आणि पावसानंतर नव्याने बांधतात. यात पहिल्या प्रकाराला लवकर हिरवे होता येते, दुसऱ्याला अधिक काळ वाळलेले राहता येते. साखर म्हणून वनस्पती ट्रेहॅलोजऐवजी मुख्यत्वे आपली नेहमीचीच उसातली साखर वापरतात.

सह्याद्रीतील सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारे, हे अशा झाडांचे घर आहे. कासच्या पठारावर सप्टेंबरमध्ये जी गर्दी होते ती तेरडा, सोनकी आणि सीतेची आसवे पाहायला. पण ही सगळी एकाच हंगामाची झाडे, पावसाळा संपला की मरतात आणि बीच्या रूपाने उन्हाळा काढतात. त्यांच्याच शेजारी जांभ्याच्या भेगांत ट्रायपोगॉन नावाचे बुटके गवत असते. ते डिसेंबरात पेंढ्यासारखे पिवळे पडते आणि गुरेही त्याला तोंड लावणार नाहीत असे दिसते, पण पहिल्या वळवानंतर तीच जुनी पाती पुन्हा हिरवी होतात. पावसाने मध्येच उघडीप दिली तर पुन्हा वाळतात, पुन्हा हिरवी होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी अलीकडे पश्चिम घाटातील अशा वनस्पतींची मोजदाद केली, तेव्हा आधी माहीत असलेल्या नऊ जातींच्या जागी ६२ जाती भरल्या. इतकी वर्षे त्या कोणाच्या नजरेत भरल्या नाहीत, कारण वाळक्या पठारावर फुलझाडे पाहायला कोण जाणार?

तीर्थक्षेत्री आणि जत्रांत संजीवनी म्हणून वाळक्या मुठीसारखी एक वनस्पती विकली जाते. पाण्यात टाकली की ती उमलते. बहुधा ती सेलाजिनेला, म्हणजे नेच्याच्या दूरच्या नात्यातली वनस्पती असते. ती खरोखरच वाळून पुन्हा जगू शकते, मात्र नुसते उमलणे हा त्याचा पुरावा नव्हे. पाकळ्या-पाने उघडणे हे दोन बाजू कमीजास्त फुगल्याने होते, आणि मेलेल्या झाडाचेही होते, जसे पाण्यात पाइनचे शंकू मिटतात. एक-दोन दिवसांत ती हिरवी झाली, नवा कोंब आला, तर ती जिवंत. नुसती तपकिरी उघडून राहिली, तर ते एक सुंदर पण निर्जीव खेळणे आहे.

या सगळ्याचा उपयोग औषधशास्त्रात कधीच सुरू झाला आहे. आरोग्य केंद्रात गोवर-रुबेलाची लस भुकटीच्या रूपात येते आणि परिचारिका ती टोचण्याआधी द्रावणात मिसळते. साखरेसारख्या संरक्षक द्रव्यांत गोठवून वाळवलेला तो विषाणू काचेत खिळलेला असतो. मिसळल्यावर काही तासांत कुपी संपली नाही तर उरलेली फेकावी लागते, कारण काच विरघळली की घड्याळ पुन्हा चालू होते. पूर्वी ट्रेहॅलोज फार महाग होते. १९९० नंतरच्या दशकात एका जपानी कंपनीने ते पिष्टापासून विकरांच्या (एन्झाइमांच्या) साहाय्याने बनवायला सुरुवात केल्यावर ते खाद्यपदार्थांत घालण्याइतके स्वस्त झाले. हिमोफिलियाच्या रुग्णांना लागणारे रक्त गोठवणारे प्रथिन फ्रीजशिवाय टिकवण्यासाठी २०२३ मध्ये जलअस्वलाचे प्रथिन आणि ट्रेहॅलोज या दोहोंची चाचणी झाली आणि प्रयोगशाळेत ती यशस्वी ठरली.

शेतीत मात्र असे सोपे नाही. ज्वारीच्या दाण्याला वाळून जगण्याची विद्या पूर्ण येते, आणि तोच दाणा रुजून चार पाने झाली की ती विद्या विसरतो. जनुके झाडात असतातच, पण बी तयार होतानाच चालू होतात. केप टाउनच्या वनस्पतिशास्त्रज्ञ जिल फॅरंट यांचे म्हणणे असे की वाळून जगणाऱ्या झाडांनी बीमधली हीच जनुके पानांत चालू करायला शिकून घेतले आहे. इथिओपियात ज्या धान्याची भाकरी होते त्या टेफच्या एका रानटी नातेवाइकाला हे जमते, म्हणून त्याच्याकडे आशेने पाहिले जाते.

आणि काही बियांना तर ही विद्या मुळातच येत नाही. आंब्याची कोय, कोकमाची बी, फणसाची आठळी या ओल्याच झाडावरून पडतात आणि वाळवल्या तर मरतात. त्या पडतात तेव्हा पावसाळा आलेलाच असतो, त्यांना वाट पाहण्याची गरज कधी पडली नाही. फणस जास्त दिवस राहिला तर फोडल्यावर आतच आठळीला मोड आलेला दिसतो. नॉर्वेच्या स्वालबार बेटसमूहावर २००८ पासून जगभरची बियाणी वाळवून उणे १८ अंशांत ठेवली जातात, भाताच्या असंख्य जाती तिथे आहेत, फणसाची आठळी तिथे ठेवता येत नाही. आठळीतला अंकुर कोरून तो द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवण्याचे प्रयत्न चालतात, पण ते नाजूक आणि खर्चिक काम आहे. तोवर बरका असो की कापा, एखादी जात राखायची तर तिचे झाड उभे ठेवायचे किंवा कलम बांधायचे, एवढेच हाती आहे. कोकणात पावसाळ्याच्या भाजीसाठी आठळ्या लाल मातीत घोळवून ठेवतात, ते त्या वाळू नयेत म्हणून.